उघड्या तोंडाचा ‘प’

तौंज्यी,
थदिंज्युत वद्य पंचमी

अको,

पत्राला कारण खळ. दुसरं काही नाही, तेव्हा उगाच अर्थ काढत बसू नकोस.

यंदाही सणाच्या स्पर्धेत आपल्या आळीचा दिव्यांचा कागदी फुगा उडणार आहे. कागद येऊन पडलाय, बांबूची कडी झाली, विहाराच्या धर्मशाळेत चिकटवायला माणसं बसली, आणि घोडं अडलंय ते खळीपाशी. पहिल्या दिवशी पाण्यासारखी पातळ झाली. दुसऱ्या दिवशी इतकी घट्ट की शेजारच्या दॉ खिन स्वेचा हात पातेल्यात अडकून बसला. तिसऱ्या दिवशीची चांगली झाली असं वाटलं, तर सकाळपर्यंत तिला मुंग्या लागल्या आणि चिकटवलेल्या कागदाला भोकं पडली. तू होतास तेव्हा मुंग्या का येत नसत? त्यात काय घालायचास, तेवढं कळव.

आळीचे म्होरके ऊ पो थेइन म्हणाले, भावाला विचारा, सान ल्विनला. मी म्हटलं, मी बोलत नाही त्याच्याशी. तर खिन स्वे म्हणाली, मग लिही, लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे. मला ते पटलं. बोलणं मी दोन वर्षांपूर्वी बंद केलंय आणि ते बंदच आहे.

फुग्यावरच्या माझ्या मोराला तू सगळ्या मैदानासमोर खराटा म्हणालास, ते मी विसरलेले नाही. त्या पिसाऱ्याच्या एकेका डोळ्यात तीन रंगांचे दिवे होते, आत निळा, मग हिरवा, मग पिवळा. प्रत्येक कागदी वाटी मी स्वतः रंगवली होती आणि प्रत्येकीत मेणबत्ती सरळ बसली आहे की नाही ते ओणवं होऊन बघितलं होतं. जवळून बघणाऱ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तू? तू मैदानाच्या पार टोकाला जाऊन उभा राहिलास, मान वाकडी केलीस आणि तिथून ओरडलास, “ओन म्या, खराटा उडतोय.” बाजारात अजून मला खराटेवाली म्हणतात. लांबून बघायची एवढी हौस असेल तर लांबच राहा, असं मी म्हणाले, पण ते रागात. शहाणा माणूस ऐकून न ऐकल्यासारखं करतो आणि जेवायला बसतो. तू ट्रंक भरलीस आणि डोंगर उतरून लेकीकडे तळ्याकाठी जाऊन राहिलास. तुझी मर्जी.

खळीचं कळव. साई लोनची पिकअप गाडी रोज खाली जाते, त्याच्या हाती उत्तर दे.

ओन म्या


तौंज्यी,
थदिंज्युत वद्य द्वादशी

अको,

खळ झाली. तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दीड ओळ. ‘भाताची पेज आणि चिमूटभर मोरचूद. तू कशी आहेस?’

चिमूट कुणाची ते लिहिलं नाहीस. तुझ्या एका चिमटीत माझ्या दोन मावतात. आधी मी माझी घातली, मग विचार करून अर्धी आणखी घातली, मग ढवळून वास घेतला. खळ आता निळसर दिसते आणि मुंग्या लांबून वळसा घालून जातात. पुढच्या वेळी लिहिताना नीट लिहीत जा.

यंदा मोर नाही. प्राणी नको, पक्षी नको, यंदा अक्षरं, असं सगळ्यांनी ठरवलं. (सगळ्यांनी म्हणजे ज्यांनी खराट्यावरून दात काढले होते त्यांनी.) दानाचा महिना आहे म्हणून ऊ पो थेइननी वाक्य काढलं, ‘पेदू नी’. देणारा तो जवळचा. दोनच शब्द, पण अक्षरं घराएवढी. त्यांनी कोळशानं भिंतीवर नमुना काढला आणि दिव्यांची जाळी नऊ तुकड्यांत वाटून दिली, कारण अख्खी जाळी पसरायला धर्मशाळेत जागा नाही. तुकड्यांवर देखरेख माझी. दोन दिव्यांत एक वीत अंतर, वाती एका उंचीच्या, दोऱ्याच्या गाठी मागच्या बाजूला. एका मुलीनं गाठ पुढे ठेवली होती, तिला सगळी ओळ सोडायला लावली. रडली थोडी, पण शिकली.

वरच्या आळीवाले वाघ करताहेत म्हणे. वाघाला मिशा नसतील तर मांजर दिसेल, असं मी ऊ पो थेइनना म्हटलं. ते म्हणाले, मिशा इथून कुणाला दिसणार आहेत? या माणसाला कशाचंच काही वाटत नाही.

तुझी वेताची खुर्ची पडवीत होती तिथेच आहे. धूळ बसते म्हणून रोज पुसते. कुणाला बसू देत नाही, कारण तिचा मागचा एक पाय डुगडुगतो आणि कुणी आपटलं तर बोल मला लागायचा.

खिन स्वे माझ्या खांद्यावरून वाचतेय. म्हणते, “त्याला ये म्हणालीस का?” मी म्हटलं, हे खळीचं पत्र आहे. ती म्हणते, तू कशी आहेस म्हणून विचारलंय त्यानं, त्याचं तरी उत्तर दे. आता एवढं सविस्तर लिहिलंय, त्यातून कळत नाही का माणसाला?

ओन म्या


तौंज्यी,
तझाउंमोन शुद्ध सप्तमी

अको,

तुझा सल्ला मिळाला. मागितला नव्हता. ‘जाळी एकदा पटांगणात पसर आणि विहाराच्या गच्चीवर चढून बघ. तू कशी आहेस?’

पटांगणात मिरच्या वाळत घातल्या आहेत. त्या उचलायच्या, झाडायच्या, परत घालायच्या, आणि वर गच्चीचा जिना चढायचा, तोही या गुडघ्यांनी. आणि बघायचं काय? एकेक तुकडा मी माझ्या डोळ्यांखालून घातलाय. तुकडे चोख असले की सगळं चोख. भात शिजला का ते बघायला शीत चेपतात, हंडा उलटा करून बघत नाहीत.

मी बघते म्हणून तर चुका सापडतात. परवाच पहिल्या तुकड्यात वरच्या बाजूला ही एवढी फट सापडली. दोरा आहे, दिवा नाही. दोन्हीकडून ओळ छान गोल वळत आलेली आणि ऐन माथ्यावर मोकळी जागा. कुणीतरी कंटाळा केला असणार, नाहीतर वाट्या कमी पडल्या असणार आणि सांगायची लाज वाटली असणार. मी कुणाला बोलले नाही. बैठक मारली आणि ती फट स्वतःच्या हातानं भरली, लाल, केशरी, लाल, असं रंगही जुळवून. आता बोट फिरवलंस तर कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं ते कळणार नाही. अशी कामं कुणाला दिसत नाहीत, पण मला माहीत असतं.

तुझी ने ची टोमॅटोच्या वाफ्यांवर एकटी राबते आणि तू काठावर बसून तळं बघतोस, असं साई लोन सांगत होता. तळं रोज तेच असतं. तिला खत घालायला मदत करत जा.

आपला फुगा चतुर्दशीला, दिवेलागणीला आहे. हे सहज सांगितलं.

ओन म्या

खिन स्वेनं हेही वाचलं. म्हणाली, “हे सहज सांगितलं, म्हणजे ये असं का?” मी म्हटलं, त्याला डोकं आहे. ती म्हणाली, डोकं आहे म्हणूनच तो न बोलावता यायचा नाही. मी पाकीट चिकटवून टाकलं होतं, पुन्हा उघडून एवढं लिहिलं.


तौंज्यी,
तझाउंमोन पौर्णिमा, सकाळी

अको,

काल आपला फुगा उडाला. काय झालं ते एव्हाना तुझ्या कानावर आलं असेल. वाक्य बदलायची कल्पना माझी होती. ऐनवेळी सुचली. लोक फार वाखाणताहेत.

असं लिहून मी उठले, तुझी खुर्ची पुसली आणि परत आले. ते वरचं खोटं आहे. साई लोन निघायच्या आत खरं काय ते लिहिते, आणि खिन स्वेला आज खांद्यापाशी उभं राहू दिलेलं नाही.

मशाली पेटल्या, फुगा धूर पिऊन टम्म झाला, ढोल लागले. त्याच्या अंगावर जाळी चढवून खालून वर दिवे लावत गेलो. मी पहिल्या तुकड्याखाली होते. मला दिसत होत्या फक्त वाती. एक वात फडफडत होती, मी तिच्यातच होते. मग ऊ पो थेइन ओरडले, सोडा, आणि सगळ्यांनी एकदम हात सोडले, आणि फुगा उठला. काय उठला, अको. एक कागद फाटला नाही, एक वाटी पडली नाही. मी मान वर करून माझ्या गाठी बघत होते.

तेवढ्यात मैदान गप्प झालं. ढोलसुद्धा. मला वाटलं आग लागली. मग मागून, पार टोकाकडून, कुणीतरी मोठ्यानं वाचलं, “वेदू नी.”

आपली सगळी बर्मी अक्षरं म्हणजे गोल, आणि जो तो गोल कुठे उघडा आहे त्यावर सगळं. ‘प’चं तोंड वर उघडं. ते मिटलं की ‘व’. शाळेत पहिल्या दिवशी शिकवतात, आणि मला तर पाटीवर बोट धरून तूच शिकवलंस. ती फट फट नव्हती, ते ‘प’चं तोंड होतं. मी ते लाल-केशरी दिव्यांनी बंद करून टाकलं. आकाशात ‘देणारा जवळचा’ जायला हवं होतं, आणि गेलं काय, तर ‘दूरचा तो जवळचा’.

मी खाली बसले. आता खराटेवालीच्या पुढे काय नाव पडणार, ते मनात येत होतं. पण मैदान हसलं नाही. आधी एक म्हातारी रडायला लागली. तिचा मुलगा सीमेपलीकडे थाई मुलखात कामाला आहे, चार सण झाले आला नाही. मग तिच्या शेजारची. मग कुणीतरी ओरडून आपल्या मुलीचं नाव घेतलं, फुग्याकडे बघून, जशी काही ती त्यात बसली आहे. मग सगळेच नावं घ्यायला लागले. ज्याचं जे माणूस दूर असेल त्याचं. ढोल परत सुरू झाले ते या नावांवर. वरच्या आळीचे लोक वाघ सोडून आमच्यात येऊन नाचले. वाघाला मिशा नव्हत्याच.

बक्षीस आम्हाला नाही. आधी लिहून दिलेलं वाक्य आणि उडालेलं वाक्य एक नाही, असं पंचांनी काढलं. बरोबरच आहे त्यांचं, मी पंच असते तर मीही हेच काढलं असतं. ऊ पो थेइन माझ्याजवळ आले तेव्हा मला वाटलं आता ऐकवतील. ते म्हणाले, “कुणासाठी बदललंत ते मला माहीत आहे,” आणि डोळे पुसत निघून गेले. मी खुलासा केला नाही.

तर ती चूक होती. तुला उद्देशून नव्हती, तेव्हा उगाच अर्थ काढू नकोस. मी मिरच्या उचलून गच्चीवर चढायला हवं होतं का, यावर मला चर्चा नको. बाकी वाक्य वाईट नव्हतं.

आज पौर्णिमा. सणाच्या मेझलीच्या कडू कळ्या आणल्या आहेत, कोशिंबीर करणार. तुझ्यासारखी कडू राहणार नाही, मी दोनदा उकळून पाणी टाकते. दोन माणसांपुरत्या आल्या आहेत, विकणाऱ्या बाईनं मोजून दिल्या नाहीत.

ओन म्या


तौंज्यी,
तझाउंमोन वद्य प्रतिपदा

ने ची,

तुझे वडील पोचले. आधी हे लिहिते, कारण खिन स्वे म्हणाली की मी शेवटपर्यंत लिहायची नाही.

आता कसे ते ऐक. काल पौर्णिमेची चोरी होती. तुमच्याकडे तळ्यावर काय करतात माहीत नाही, इथे ही पोरं रात्रीत कुणाचं काय उचलून कुठे ठेवतील याचा नेम नाही, आणि सणाची चोरी म्हणून रागवायचीही सोय नाही. सकाळी दार उघडलं तर पडवीत खुर्ची नाही. तुझ्या वडिलांची, वेताची. मी तशीच बाहेर पडले. सगळी आळी आपापलं सामान शोधत होती. खिन स्वेचा खलबत्ता ऊ पो थेइनच्या छपरावर निघाला आणि ऊ पो थेइनची पाटी न्हाव्याच्या दुकानावर लटकत होती. सगळे हसत होते, मला हसू येत नव्हतं. मागचा पाय आधीच डुगडुगतो, पोरांनी ओढत नेली असेल तर संपलंच. मी विहीर बघितली, विहार बघितला, शाळेची कमान बघितली.

शोधत शोधत बाजार ओलांडून पिकअपच्या थांब्यावर आले. तिथे रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, खुर्ची. आणि तिच्यात कुणीतरी खुशाल बसलेलं, मांडीवर गाठोडं, माझ्याकडे पाठ.

मी मागूनच तोंड सोडलं. “उठा तिथून. तिचा पाय डुगडुगतो, पडलात तर मला बोल लावाल. आणि ती माझ्या भावाची आहे.”

तो माणूस वळलासुद्धा नाही. म्हणाला, “मग भाऊच बसलाय.”

मी काय केलं ते तो तुला रंगवून सांगेल, त्यापेक्षा मीच सांगते. मी आधी खाली वाकून खुर्चीचे पाय बघितले, चारही. मग उठून उभी राहिले, मग मला तो दिसला. केस पार पांढरे झालेत. तू त्याला वेळेवर जेवायला घालत नाहीस का? मग मी रडले. थांब्यावर दोन पिकअप उभ्या होत्या, माणसांनी भरलेल्या, त्यांच्यासमोर.

मग मला कळलं ते तुला आधीपासून माहीत होतं, आणि तू मला कधी कळवलं नाहीस. फुग्याच्या दिवशी हा माणूस साई लोनच्या गाडीनं अर्धा डोंगर चढतो, घाटातल्या वळणावरच्या चहाच्या दुकानात बसून आपल्या आळीचा फुगा बघतो आणि परत खाली जातो. अर्ध्या वाटेवर. मागच्या वर्षीही. म्हणाला, लांबच राहा म्हणाली होतीस, किती लांब ते सांगितलं नव्हतंस. यंदा वारा त्या बाजूचा होता, फुगा वळणावरून गेला. तो दोन्ही रात्री तिथेच बाकावर झोपला, कारण खाली जावंसं वाटेना, आणि वर येणाऱ्या गाड्यांत उभं राहायला जागा नव्हती. काल साई लोननं जाता जाता माझं पत्र तिथेच त्याच्या हातात दिलं. आणि आज पहाटेची पहिली गाडी त्याला मिळाली.

पत्राचं नाव ऐकलं आणि मला आठवलं. त्यात मी लिहिलं होतं ना, ती चूक होती, तुला उद्देशून नव्हती. त्यानं खिशातून पाकीट काढलं. उघडलेलं नव्हतं. म्हणाला, चष्मा तळ्यावरच राहिलाय, डोंगरावरचं सगळं दिसतं, हातातलं अक्षर दिसत नाही, तूच वाच.

मी उघडलं. म्हटलं, सगळं क्षेम आहे, असं लिहिलंय.

“एवढ्या पानांत?”

मी म्हटलं, हो.

त्यानं पानं माझ्या हातातून घेतली, घडी घातली आणि परत खिशात ठेवली. म्हणाला, “‘प’ बुजवलास ना? मला वळणावरच कळलं. जाणूनबुजून लिहिलं असतंस तर कडेनं नक्षी काढली असतीस आणि मधलं राहून गेलं असतं. चुकून लिहिलंस, म्हणून तर आलो.”

मी म्हटलं, उठ, खुर्ची घरी न्यायची आहे.

खुर्ची आम्ही दोघांनी मिळून घरी आणली. वाटेत त्यानं पाच वेळा थांबून मागे बघितलं. इथून आता सगळं गाव दिसतं, झाडं तोडली वाटतं, म्हणाला. मी त्या रस्त्यानं रोज जाते, मला कधी दिसलं नव्हतं. खरंच दिसतं. पार तळ्यापर्यंत.

त्याचा चष्मा साई लोनच्या हाती पाठव. कागदात गुंडाळ, त्यावर फडकं, मग डबा, आणि डबा हलवून बघ, वाजायला नको. कपडेही पाठव, हा एका लुंगीवर आलाय. किती दिवसांसाठी ते मी विचारलेलं नाही, तूही विचारू नकोस.

कालच्या मेझलीच्या कळ्या उरल्या होत्या. मी एकदाच उकळल्या, त्याला कडूच आवडतात. जेवण झाल्यावर तो पडवीत त्या खुर्चीत बसला. ती डुगडुगली. मी पायाखाली घालायला लाकडाची चिप शोधायला उठले, तर त्यानं माझा हात धरून खाली बसवलं.

“खळीचं कळलं. गाठींचं कळलं. मिरच्यांचंही कळलं. तू कशी आहेस?”

मी गुडघ्यांचं सांगायला लागले होते, पण मग थांबले.

म्हटलं, “तू आलास. आता बरी आहे.”

ओन म्या आत्या